वर्धनगडचा पायथा आणि शंभर लिटर पाणी

साताऱ्यात कॅराव्हॅन चालवतो म्हणलं की पहिला प्रश्न ठरलेला, म्हणजे शूटिंगची व्हॅनिटी का? ती नव्हे. टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या गाडीवर बांधलेलं बिऱ्हाड आहे, आत बेड, छोटा ओटा, फ्रीज, संडास-बाथरूम आणि शंभर लिटरची पाण्याची टाकी. राज्याचं कॅराव्हॅन धोरण २०२१ ला आलं, त्यानंतर आमच्या मालकानं ही गाडी घेतली. बुकिंग बहुतेक महाबळेश्वर, कास, कोयना. माण-खटाव या दुष्काळी तालुक्यांकडं सुट्टीला कोण जातंय, तिकडची माणसंच पोटासाठी बाहेर पडतात.

त्यामुळं एप्रिलमध्ये गाडी बुक करणाऱ्या एका काका-काकूंनी सांगितलं की आम्हाला वर्धनगड, औंध, शिखर शिंगणापूर असं करायचंय तेव्हा मी दोनदा विचारलं. काका मूळचे सांगलीचे, नोकरीची सगळी वर्षं अमेरिकेत अॅरिझोनात गेली, रिटायर झाल्यावर दोघं तिकडं असलीच पण दुप्पट मोठी गाडी घेऊन वाळवंटातनं फिरायची. सकाळी एखादा डोंगर चढायचा, दुपारी जुनं गाव नाहीतर म्युझियम, रात्री गाडीत मुक्काम. मला म्हणले, धबधबे दाखवू नकोस बाबा, उघडं बोडकं रान दाखव. म्हणलं ते आमच्याकडं भरपूर. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि तिथनं शंभर-सव्वाशे किलोमीटरवर माण तालुक्यात पाचशेच्या आसपास, ढग सगळं घाटमाथ्यावरच रिकामं करून येतात. वाळवंट नाही म्हणता येणार, पण एप्रिलात फरक सांगणं अवघड.

चारला सातारा सोडलं, कोरेगाव मागं टाकलं आणि उजाडायच्या आत वर्धनगड गावात गाडी चिंचेखाली लावली. गड म्हणाल तर लहान, पायऱ्या आहेत, अर्ध्या तासात दरवाजा. तरी दोघांच्या पाठीवर दोन-दोन लिटर पाणी, मीठ-साखरेची पुडी, डोक्याला कान झाकणारी टोपी. मी पण गेलो वर. गोमुखी बांधणीचा, म्हणजे बुरुजांच्या वळणाआड लपलेला दरवाजा, तटबंदी अजून बरीच धडधाकट, वर वर्धनीमातेचं देऊळ. महाराजांनी १६७३-७४ च्या सुमाराला हा गड बांधला, पूर्वेच्या मुलखावर नजर ठेवायला, आणि १७०१ मध्ये औरंगजेबाच्या फौजेनं तो घेतला. तटावर उभं राहिलं की जागा का निवडली ते आपोआप कळतं, पुसेगावकडचं सगळं रान खाली पसरलेलं, कोण येतंय जातंय लपतच नाही. पण तीच गोष्ट उन्हाची, लपायला तुम्हालाही जागा नाही. झाड म्हणजे चार बाभळी आणि बाकी कुसळाचं गवत.

त्या कुसळांवरनं काकांचं एक बघण्यासारखं होतं. खाली आल्यावर पायरीवर बसले, खिशातनं चिमटा काढला आणि मोज्यातलं एकेक कुसळ उपसत बसले, ते पण कागदावर गोळा करून. आपण मोजे झटकतो आणि मग दिवसभर टाचेला टोचत बसतं. बोलता बोलता सांगत होते, ग्रँड कॅनियनला आपल्या उलट असतं, आधी उतरायचं आणि दमल्यावर ऐन उन्हात चढायचं, म्हणून तिथले पार्कवाले उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार चालूच नका म्हणतात, आणि फिनिक्स शहरात तर उन्हाचा इशारा आला की काही डोंगरवाटा दुपारच्या बंदच करून टाकतात. मला हे पटलं. आपल्याकडं गड चढायचा म्हणजे पाऊस, धुकं, घसरडं एवढंच डोक्यात असतं, उनाला कोण विचारतंय.

पाण्याचा मात्र मी कडक असतो. शंभर लिटर म्हणजे घरची आंघोळ धरली तर चार माणसांत खलास, आणि या भागात टँकरची वाट बघणाऱ्या गावात जाऊन टाकी भरून द्या म्हणायला तोंड पाहिजे. पण या दोघांना सांगायचीच गरज नव्हती. अंग ओलं करायचं, नळ बंद, साबण, मग परत नळ, गरम पाणी येईस्तोवरचं गार पाणी बादलीत धरायचं आणि भांड्याला वापरायचं. तिकडं म्हणे कॅम्पिंगच्या जागी आणि काही पेट्रोल पंपांवर सांडपाणी आणि संडासाची टाकी ओतायची वेगळी सोय असते. मी हात जोडले. मी कुठं कुठं विनवण्या करून ती रिकामी करतो ते धोरण लिहिणाऱ्यानं एकदा माझ्याबरोबर येऊन बघावं.

काकूंनी भाकरी टाकल्या, खाल्लं, आणि पहाटेचं उठणं म्हणून काका गाडीत जरा आडवे झाले. साडेदहाच्या पुढं दोन बाईकवर चार पोरं आली, कॉलेजातली. चौघांत एक कोल्ड्रिंकची बाटली. काका दारातनं म्हणले, बाळांनो आता नको, चारनंतर जा. त्यातलं एक म्हणतंय, काका आम्ही हरिश्चंद्रगड केलाय, हा तर अर्ध्या तासाचा आहे. आणि गेली वर.

अर्ध्या तासाचा गड, हेच तर. मोठ्या गडाला माणूस तयारीनं जातो, लहान गडाला चपलेवर जातो.

साडेबाराच्या आसपास आरडाओरडा ऐकू आला. दोघांनी एकाला काखेत धरून आणलेलं, पाय फरफटत. पोरगं बडबडत होतं, मित्राला आई म्हणत होतं. काकांनी दंडाला हात लावला आणि विचारलं, आज वार कुठला रे? ते म्हणलं, पेपर झाला माझा. काका काकूंकडं वळून एवढंच म्हणले, बर्फ. मला म्हणले, १०८ लाव आणि गाडी चालू कर, एसी फुल.

मला वाटलं गाडीत घालून थेट कोरेगावला पळवायचं. काका म्हणले, नाही, आधी गार करायचा, मग हलवायचा, मेंदूला ताप चढलाय, एकेक मिनिट मोजून असतं. बेडवर आडवा केला, शर्ट बूट काढले, शॉवरची लांब नळी बाथरूममधनं ओढून अंगावर धार सोडली, मी टॉवेल ओला करून फटाफट वारा घालतोय, काकू मानेला, काखेत, जांघेत बर्फाचे खडे आणि फ्रीजरमधलं गोठलेल्या मटारचं पाकीट लावतायत. बाहेर गाव जमलेलं. एक आजी कांदा फोडून घेऊन आली, कोणी तापाची गोळी काढली, कोणी म्हणतंय पाणी पाजा, पाणी पाजा. काका एकेकाला सांगत होते, शुद्धीत नाही तोवर तोंडात काही नको, ठसका लागून फुप्फुसात जाईल, आणि हा ताप गोळीचा नाही. आजींचा कांदा मात्र त्यांनी घेऊन ओट्यावर ठेवला, नाही म्हणाले नाहीत.

आणि टाकी संपली. नळातनं नुसती फुसफुस. मी खाली उतरून फक्त पाणी म्हणलं, तर समोरच्या घरातनं दोन कळशा आल्या, मग पलीकडनं हंडा, मग रांगच. एक बाई म्हणली, कालच आलंय पाणी, आता परवा, पण न्या. त्या हंड्यांतलं पाणी तांब्या तांब्यानं ओतताना माझा हात जड झाला होता.

वीस-पंचवीस मिनिटांनी पोरगं हुडहुडलं, डोळे उघडले आणि म्हणलं, माझा चष्मा कुठंय? काका तिथंच खाली बसले. तोवर अॅम्ब्युलन्स आली, तिच्यातल्या डॉक्टरनं तपासलं, सलाईन लावलं आणि साताऱ्याला घेऊन गेले. दोन दिवसांनी घरी सोडलं म्हणून त्याच्या मित्राचा फोन आला.

शिंगणापूर त्या दिवशी तसंही जमलं नसतं, चैत्राची यात्रा, कावडी निघालेल्या, रस्ते भरलेले, एवढी लांब गाडी लावायची कुठं. म्हणून उन्हं कलायला लागल्यावर पुसेगाववरनं औंधला गेलो, यमाईच्या डोंगरावरच्या भवानी संग्रहालयात. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये सुरू केलेलं. राजा रविवर्मा आहे, चित्रकार धुरंधर आहेत, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं आई-लेकराचं दगडी शिल्प आहे. काकू तिथनं हलेनात, असला माणूस लंडनच्या म्युझियममध्ये बघायचा, तो खटाव तालुक्यात कसा म्हणून. मी म्हणलं, आमचा राजा तसलाच होता, सूर्यनमस्कार घालायला लावायचा आणि १९३९ मध्ये राज्यघटना करून कारभार गावांच्या हातात दिला. काका बाहेर बाकावर तोंडावर टोपी ठेवून घोरत होते.

मालकानं गाडी परत आल्यावर आधी ओली गादी बघितली, मग डिझेल. काकांनी गादीचे पैसे देऊ केले तर न लाजता घेतले. मी त्या पैशातनं वीस लिटरचे दोन कॅन घ्यायला लावले, जादा पाण्याचे, ते आता गाडीत कायम असतात. काका-काकू दिवाळीनंतर परत येणार आहेत, या खेपेला जत आणि दांडोबाचा डोंगर. निघायची वेळ पहाटे चारचीच ठरली आहे.