पारा उतरतो, घाम चढतो

फेब्रुवारी-मार्चमध्ये पणजीत कधी कधी दुपारी एक गंमत घडते. साडेबाराला पारा 33 अंशांवर असतो, पण अंग कोरडं असतं आणि दोरीवरचा पंचा बघता बघता खडखडीत वाळतो. दीडच्या सुमाराला पारा 31वर उतरतो आणि नेमका तेव्हाच बनियन पाठीला चिकटायला लागतो. ऊन तेच, आकाश तेच. मग बदललं काय? हवाच बदलली. मघाची घाटावरून आलेली होती, आताची समुद्रावरून आलेली आहे. टीव्हीवर मात्र दिवसाचा एकच कमाल आकडा सांगतात. गोव्याच्या हवेबद्दल इतकं कमी सांगणारा दुसरा आकडा नसेल.

खरी बातमी असते दवबिंदूत. हवा किती अंशांपर्यंत थंड केली की तिच्यातल्या वाफेचं पाणी व्हायला लागेल, तो आकडा. तो घरी काढता येतो. सारखे दोन तापमापक शेजारी टांगायचे, एकाच्या फुग्याला मलमलीची पट्टी गुंडाळायची आणि तिचं टोक पाण्याच्या बाटलीत सोडायचं. पाणी उडतं तसा ओला फुगा थंड होतो. हवा जितकी कोरडी, तितका दोन पाऱ्यांतला फरक मोठा. पूर्वेच्या वाऱ्यात कोरडा 33 आणि ओला 22 दाखवत असेल, तर तक्त्यावरून दवबिंदू येतो 17च्या आसपास आणि आर्द्रता (त्या तापमानाला हवेत मावेल त्या वाफेपैकी असलेली वाफ) जेमतेम 38 टक्के. समुद्राची हवा पोचल्यावर कोरडा 31, ओला 27 झाला, तर दवबिंदू साडेपंचवीस आणि आर्द्रता 73 टक्के. म्हणजे पारा दोन अंशांनी उतरला, पण ओला फुगा पाच अंशांनी चढला. आपलं घामेजलेलं अंग म्हणजे ओला फुगाच, तेव्हा कोणत्या पाऱ्यावर विश्वास ठेवायचा ते उघड आहे.

हा खटाटोप बिघडतो तो बहुतेक मलमलीपायी. किनाऱ्यावर तिच्यावर मीठ बसतं, नळाच्या पाण्यातले क्षार बसतात, कापड कडक होतं, पाणी नीट उडत नाही आणि ओला पारा खरा असावा त्यापेक्षा वर राहतो. मग कोरड्या दिवशीही आर्द्रता फुगलेली दिसते. पट्टी आठवड्याला बदलावी, पाणी ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) घ्यावं, भिंतीवर टांगू नये (भिंत दुपारभर तापलेली असते), सावलीत जमिनीपासून सव्वा मीटरवर ठेवावं आणि वाचण्याआधी दोन-तीन मिनिटं पुठ्ठ्याने वारा घालावा.

एकाच मुलखावर किंवा समुद्रावर दिवसचे दिवस बसून तिथली ऊब नि ओल अंगात मुरवलेल्या हवेच्या अफाट साठ्याला वायुराशी म्हणतात. दोन वायुराशी भेटल्या की सहज मिसळत नाहीत. थंड आणि जड हवा खालून पाचरीसारखी घुसते, उबदार हवा तिच्यावर चढते, आणि चढता चढता थंडावून ढग धरते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस नॉर्वेतल्या बर्गन शहरात हवामानशास्त्रज्ञ विल्हेल्म ब्यर्कनेस, त्यांचा मुलगा याकोब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही मांडणी केली. तेव्हा कानावर सतत युद्धाच्या बातम्या, म्हणून या सांध्याला नाव पडलं आघाडी. नकाशावर निळ्या त्रिकोणांची रेघ थंड आघाडीची, लाल अर्धगोलांची उष्ण आघाडीची. त्या रेघा युरोपावरून हजार हजार किलोमीटर लांब जातात. पंधरा अंश अक्षांशावरच्या गोव्यात तसली रेघ येत नाही.

आमची आघाडी छोटी. ती समुद्रावरून निघते आणि घाटाच्या पायथ्याशी संपते. तिचा माग काढायला आवारात जाळलेल्या पातेऱ्याचा, म्हणजे वाळक्या पाल्याचा, धूर पुरतो. सकाळी नऊपर्यंत धूर समुद्राकडे झुकलेला असतो, हे मतलई वारे. जमीन तापत जाते तसा तो सरळ उभा राहतो, मग घटकाभर इकडे तिकडे भरकटतो, आणि एकदम घाटाकडे कलतो. खारा वारा पोचला. पणजीला तो सहसा दुपारच्या आत येतो, फोंड्याला त्यानंतर तासा-दोन तासांनी, साखळी-वाळपईला आणखी उशिरा. ही शिरणारी हवा उंचीला काही शे मीटर, फार तर किलोमीटरभर. तिच्या पुढच्या कडेला जमिनीवरची तापलेली हवा वर ढकलली जाते. वर पाहिलं तर घारी नेमक्या त्याच पट्ट्यात पंख न हलवता गिरक्या घेताना दिसतात. ओल पुरेशी असेल तर तिथेच कापशी ढगांची किनाऱ्याला समांतर ओळ धरते आणि तिच्या पश्चिमेला आकाश स्वच्छ असतं.

हा वारा उशिरा आला की गोवा भाजतो. देशावरून पूर्वेचा वारा जोरात असेल तर तो खाऱ्या वाऱ्याला दोन-तीन वाजेपर्यंत किनाऱ्यावरच अडवून धरतो. शिवाय बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंच. तिथली कोरडी हवा घाट उतरताना दाबली जाते आणि किलोमीटरला जवळजवळ दहा अंशांनी तापते. बेळगावात 28 अंश असलेली हवा सखल भागात येईपर्यंत 35 होते, तीही उन्हाची आणखी भर न पडता. वाफ मात्र वाढत नाही, म्हणून आर्द्रता कोसळते. 2023च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात आणि आसपास वणवे पेटले होते. आग लागते कशी हा वाद वेगळा, पण वाळलेल्या पाल्यात ती पसरवायला असली हवा फार सोयीची. वणवा विझवणाऱ्यांनी एक गोष्ट धरून चालावी: सकाळी उताराखाली येणारी आग दुपारी वारा फिरला की त्याच उतारावर वर धावते. जाळरेषा (आग अडवायला मोकळा केलेला पट्टा) एकाच बाजूला काढून भागत नाही.

मे महिन्यात समुद्राची हवा भरपूर ओली असते, तरी बहुतेक दिवस पाऊस पडत नाही. ढगाचा तळ किती उंचावर असेल त्याचा ठोकताळा सोपा आहे. तापमानातून दवबिंदू वजा करायचा आणि 125ने गुणायचं, उत्तर मीटरमध्ये. 33 वजा 25, म्हणजे आठ. तळ हजार मीटरवर. पण ओल्या हवेचा थर तेवढ्यातच आटोपतो आणि त्याच्यावर कोरडी हवा बसलेली असते. ढग डोकं वर काढतो आणि तिथे विरून जातो. पुरुमेंत (पावसाळ्यासाठीचा साठा) भरणाऱ्यांच्या ते पथ्यावर पडतं, फक्त कोकमाची सोलं आणि खारे बांगडे चारच्या आत घरात घ्यावेत, नाहीतर वाळलेलं पुन्हा सादळतं.

जूनमध्ये दोन हवांचं भांडणच मिटतं. दक्षिण हिंदी महासागरावरून निघून पूर्व आफ्रिकेजवळ विषुववृत्त ओलांडणारा आणि सोमालियाकडून अरबी समुद्रावर वळणारा वारा (हवामानशास्त्रज्ञ फिंडलेटर यांनी 1969 साली त्याचं वर्णन केलं) इथला ताबा घेतो. आता ओला थर चार-पाच किलोमीटर जाड असतो. मान्सून केरळात आल्याचं जाहीर करताना हवामान खातं नुसता पाऊस मोजत नाही, पश्चिमेचा वारा किती उंचीपर्यंत भरलाय तेही बघतं, ते यासाठीच. दर्या आणि देश दोन्हीकडे एकच हवा, म्हणून जुलैत पणजीचा पारा दिवसा 29, रात्री 24, एवढ्यातच खेळतो. मग पाऊस पाडतं कोण? बराचसा सह्याद्री. 28 अंशांची, 25 दवबिंदूची हवा पावणेचारशे मीटरवरच ढग धरते आणि आमचा घाट त्याच्या दुप्पट उंच. किलोभर हवेत वीसेक ग्रॅम वाफ असते, दोन किलोमीटर चढेपर्यंत त्यातली चारेक ग्रॅम सुटते. चार ग्रॅम म्हणजे काय मोठं, असं वाटेल, पण हा वारा रात्रंदिवस वाहतो. किनाऱ्यालगत समुद्रावर कमी दाबाची द्रोणी तयार झाली की घाटाची वाट न बघता पणजी-म्हापशातही धो धो कोसळतं.

थंडीचं थोडक्यात. जानेवारीत पारा विशीखाली गेला की हिमालयातला बर्फ गोव्यात पोचला असं सांगितलं जातं. पश्चिमी प्रक्षोभ (पश्चिमेकडून येणारं हिवाळी वादळ) पंजाब-हिमाचलावरून गेला की त्याच्या मागून कोरडी हवा दक्षिणेकडे सरकते खरी, पण दीड हजार किलोमीटर जमिनीवरून येता येता तिची थंडी बरीच ओसरते. उरतो तो कोरडेपणा. निरभ्र रात्री कोरड्या हवेतून जमिनीची उष्णता भराभर निघून जाते, थंडी तिथून येते. संध्याकाळचा दवबिंदू बघावा, वाराच बदलला नाही तर पहाटेचा पारा त्याच्या फारसा खाली जात नाही. 24 असेल तर कपाटातून शाल काढायची गरज नाही. 15 असेल तर काढा.

सगळ्यात फसवी आघाडी ऑक्टोबरातली. मान्सून परततो, वरच्या थरात पूर्वेचा वारा येतो, आणि दुपारी घाटमाथ्यावर उभे राहिलेले ढग संध्याकाळी किनाऱ्याकडे ढकलले जातात. शेतात नेमका कापलेला भात पडलेला. अशा ढगातून पावसाने गार झालेली हवा धपकन खाली येते आणि जमिनीवरून पुढे पळते, पावसाच्या आधी. पश्चिमेचा वारा थांबतो, दोन-चार मिनिटं पान हलत नाही, मग पूर्वेकडून गार झोत येतो आणि पारा पाच-सहा अंशांनी पडतो. बरं वाटतं, लोक अंगणात येऊन उभे राहतात. पण त्यानंतर हाताशी दहा-पंधरा मिनिटंच असतात, आणि वीज तेवढीही थांबत नाही. ताडपत्री खळ्यावर आधीच अंथरून दगडांनी दाबून ठेवलेली असावी. झोत सुरू झाल्यावर उलगडायला गेलात तर ती हातात राहत नाही.