अंगभर चमकी

अमेरिकेतल्या आमच्या आर्कान्सा राज्यातली माणसं कपड्यांच्या बाबतीत अगदी बेताची. खाकी पँट, मळखाऊ टीशर्ट, डोक्याला विटकी टोपी. सणासुदीलाही मजल फार पुढे जात नाही. पण याच माणसांच्या मासेमारीच्या बोटी बघाव्यात! लालभडक नाहीतर मोरपिशी, आणि उन्हात आल्या की अंगभर चमकी.

हे खूळ याच भागात वाढलं. 1967 साली आमच्या बेंटनव्हिलजवळच्या बीव्हर लेकवर रे स्कॉट नावाच्या विमा विकणाऱ्या गृहस्थाने बास माशाची स्पर्धा भरवली आणि गळ टाकून निवांत बसण्याच्या उद्योगात एकदम ईर्षा शिरली. पुढच्याच वर्षी फ्लिपिन नावाच्या टीचभर गावात फॉरेस्ट आणि नीना वुड या नवराबायकोने ‘रेंजर’ नावाने बास मासेमारीच्या बोटी बांधायला घेतल्या. सत्तरच्या दशकात बास बोट आणि चमकी यांचं जे जमलं, ते कायमचंच.

शेजारच्या आजोबांकडे त्याच काळातली एक बोट आहे. उन्हाने तिचं वरचं कातडं पार मेलं होतं. हात फिरवला की तळहाताला पांढरी पूड. यंदा त्यांनी तिचा कायापालट करायला घेतला आणि माझ्या संध्याकाळच्या फेऱ्या त्यांच्या गॅरेजपाशी अडकू लागल्या.

कारखान्यात फायबरची बोट आतबाहेर उलटी जन्मते. साच्याला मेण लावायचं, त्यावर आधी पारदर्शक जेलकोट, म्हणजे बोटीचं वरचं कातडं, मग चमकीचा थर, मग रंग, आणि सगळ्यात शेवटी रेझिनमध्ये, म्हणजे घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात, भिजवलेलं काचेच्या तंतूंचं मॅट. आधी अंगरखा शिवून टांगायचा आणि मग त्याच्या आत माणूस घडवायचा, तसलं काम. साचा गुळगुळीत असतो, म्हणून बोट सुटते तीच चकाकत. जुन्या बोटीच्या नशिबी हा साचा पुन्हा नसतो. तिच्यावर सगळं बाहेरून चढवायचं, म्हणजे आधी रंग, मग चमकी, मग क्लिअर, म्हणजे तोच पारदर्शक जेलकोट. आणि साच्याने फुकटात दिलेला गुळगुळीतपणा आता मनगटातून काढायचा.

आजोबांनी बरणीतली चिमूटभर चमकी माझ्या हातावर ठेवली. पॉलिस्टरच्या पातळ फिल्मवर अॅल्युमिनियमचा नाममात्र मुलामा, त्यावर लाल रंग, आणि कापलेले इवलाले षटकोन. एकेक कण जेमतेम 0.4 मिलिमीटरचा. (तो हात मी साबणाने धुतला, तरी दुसऱ्या दिवशी ऑफिसात कीबोर्डवर दोन कण सापडलेच.) फवारणीच्या गनमध्ये हा माल सारखा ढवळत राहावा लागतो, नाहीतर तो तळाशी बसतो आणि बोटीवर कुठे दाट, कुठे विरळ असे डाग पडतात. शिवाय काही कण आडवे न पडता उभेच राहतात. त्यांना पॉलिश पेपर लागला की लाली खरवडली जाऊन खालची चांदी उघडी पडते. म्हणून चमकी पुरती बुडेपर्यंत वर क्लिअरचे थर. हा क्लिअरही पॉलिस्टरचाच, आणि त्याचा स्वभाव असा की हवा लागलेला वरचा पापुद्रा चिकटच राहतो, त्यासाठी शेवटच्या थरात मेण घालतात. फक्त शेवटच्याच, आधी घातलं तर पुढचा थर धरत नाही. थर घट्ट करणारा हार्डनर शंभर भागांना दीड-दोन, पण जुलैच्या काहिलीत तेवढ्यानेही तो घाईने घट्ट होतो. मग पाणी मारत पेपर घासायचे, 320 नंबरच्या खरखरीत पेपरापासून चढत बारीक हजारापर्यंत आणि पुढे. त्यानंतर घासायची पेस्ट (कंपाउंड), त्यानंतर मशीनने चकाकी आणणं, म्हणजे बफिंग. लोक वाहवा करणार लाल चमकीची. आजोबांचे खांदे मात्र भरून आले ते जो थर दिसतच नाही, त्याच्या पायी.

न राहवून विचारलं, ‘‘एवढं सगळं माशांना दिसतं तरी का?’’

‘‘मासे खालून बघतात,’’ ते म्हणाले, ‘‘आणि तळ पांढराच ठेवलाय.’’

तरी या थाटाला हसायला माझी जीभ धजावली नाही. गणपती तोंडावर आले होते आणि आमच्या गॅरेजात थर्माकोलचं मखर उभं होतं. आजोबांनी ते येताजाता पाहिलं असावं. उरलेली पाव बरणी त्यांनी आपण होऊन पुढे केली, वर बजावलं, ‘‘यावर क्लिअर मारायला विसरू नकोस.’’ आता क्लिअरमधल्या स्टायरिन नावाच्या उग्र रसायनाने थर्माकोल विरघळतो, आणि त्याचा दर्प मोदकांच्या घरात शिरला असता तर बायकोने मलाच विसर्जित केलं असतं. फेव्हिकॉलवर भागवलं.