तांब्याची चकती

परवा दुपारी जेवून आडवे होण्यापूर्वी सहज पोर्चमध्ये डोकावलो, तर बुलेटच्या पोटाखालच्या शहाबादी फरशीवर रुपयाएवढा तेलाचा डाग दिसला. गुडघे टेकून, मान वाकडी करून पाहिले, तेव्हा ड्रेन नटाच्या, म्हणजे जुने ऑईल सोडायच्या नटाच्या, कडेला एक थेंब लोंबकळत होता. दिवाळीपूर्वी ऑईल बदलताना नटाखालची तांब्याची चकती मी न तापवता तशीच परत बसवली होती, हे मला त्याच क्षणी आठवले. गाडीचा यात काहीही दोष नव्हता.

गाडी अण्णांची, १९७४ सालची, बिडाच्या सिलिंडरची, उजव्या पायाला गिअर असलेली. पंचवटीतल्या आमच्या वाड्याच्या अंगणात ऑईल बदलण्याचा कार्यक्रम रविवारी सकाळी होई. अण्णा आधी सोमेश्वरपर्यंत फेरी मारून येत, कारण गार ऑईल आळशी असते आणि सगळा गाळ तळाशी ठेवून एकटेच बाहेर येते, असे त्यांचे म्हणणे होते. मग खाली पत्र्याचा डबा सरकवून नट सोडायचे, फेल्टचा फिल्टर काढायचा आणि धार तुटून थेंब होईपर्यंत चहा घ्यायचा. जळके ऑईल वाड्याच्या दारांच्या बिजागऱ्यांना आणि तुळयांना जाई.

चकती मात्र ते मुठीत घेऊन थेट स्वयंपाकघरात शिरत. चिमट्यात धरून ती गॅसच्या ज्योतीवर नेली की तिच्यावर आधी मोरपिशी झाक येई, मग ती काळवंडे आणि शेवटी लाल होई. लाल झाली की लगेच पाण्याच्या वाटीत. ‘चुर्र’ एवढाच आवाज. आई पोळी लाटता लाटता मान वर न करता म्हणे, ‘‘अहो, ती आमटीची वाटी आहे.’’ हे ती दर वेळी म्हणे, आणि दर वेळी वाटी आमटीचीच असे.

नवी चकती पंचवीस पैशांना मिळत असताना हा उद्योग कशाला, असे मी एकदा विचारले. उत्तर देण्याऐवजी अण्णा मला तांबट लेनमध्ये घेऊन गेले. तिथे एक कारागीर हंड्यावर ठोके घालत होता. ठोके खाऊन खाऊन तांबे ताठर होते, आणि तसेच ठोकत राहिले तर चिरते. म्हणून ते मधूनमधून भट्टीत लाल करावे लागते. पोलाद लाल करून पाण्यात टाकले तर कडक होते. तांब्याचे तसे नाही, ते मऊच राहते आणि पुढचे ठोके सोसते. नटाखाली आवळली गेलेली चकतीही अशीच ताठरलेली असते. मऊ केली की ती धातूवरच्या बारीकसारीक ओरखड्यांत बसते आणि तेलाची वाट बंद होते.

एवढे शिकल्यावर आपल्याला सगळे येते असे मला वाटू लागले. एका उन्हाळ्यात अण्णा तीन आठवडे परगावी असताना मी डिपस्टिक, म्हणजे ऑईलची पातळी दाखवणारी पट्टी, काढून पाहिली, तर ती जवळजवळ कोरडी. मी पाऊण लिटर ऑईल ओतले. या इंजिनात सगळे मिळून सव्वादोन लिटर ऑईल मावते, त्याची टाकी इंजिनाच्या पोटातच असते, आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली की ते पंपातून झिरपत फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनातल्या जड फिरत्या चाकाच्या, बाजूला उतरते. ते कुठेही गेलेले नसते. इंजिन चालू करून दुसऱ्या पंपाला ते परत टाकीत आणू द्यायचे आणि मगच पातळी पाहायची, हे मला ठाऊक नव्हते. किक मारल्यावर पांढऱ्या धुराचा लोट उठला, ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या, नळीतून ऑईल भळाभळा वाहू लागले आणि त्याचा ओघळ शेजारच्या काकूंनी वाळत घातलेल्या कुरडयांच्या धोतरापर्यंत गेला. अण्णा आल्यावर रागावले नाहीत. ‘‘चालू करून मग पाहिलंस का?’’ एवढेच त्यांनी विचारले, आणि चार दिवसांनी पुन्हा एकदा, जेवताना, मध्येच.

तर परवा मी नट सोडून चकती धुतली, पुसली आणि स्वयंपाकघरात गेलो. आमच्याकडे आता इंडक्शनची शेगडी आहे. तिच्यावर तांबे तापत नाही. चकती ठेवली तर शेगडी नुसती टिकटिक करून बंद पडते. देवघरातली निरांजनाची ज्योत पुरत नाही, हेही करून पाहिले. शेवटी ताठरलेलीच चकती परत बसवली आणि मुलीच्या सांगण्यावरून नव्या दहा चकत्यांचे पाकीट मागवले. ते दोन दिवसांत आले, टेबलाच्या खणात पडून आहे. फरशीवरचा डाग आता बशीएवढा झाला आहे.