पान उलटण्याआधीच पुढचे शब्द

शुक्रवारी दुपारी शालेय व्यवस्थापन समितीची बैठक होती. त्याआधी शाळेच्या दर्शनी फलकावर एक बातमी लिहायची होती: 'दुसरी ते चौथीची सर्व १७ मुले वाचतात.' आमची शाळा वस्तीवरची, पहिली ते चौथीची, द्विशिक्षकी. पट साठच्या आत असला की शिक्षण हक्क कायद्याने दोन शिक्षक मिळतात, म्हणजे प्रत्येकाकडे दोन इयत्ता. एका इयत्तेला शिकवायचे तेव्हा दुसरीला लेखन नाहीतर उजळणी देऊन बसवायचे. अशा ठिकाणी सतराच्या सतरा मुले वाचू लागणे ही लहान बातमी नाही.

बातमीला आधार होता आठवडाभर घेतलेल्या वाचन चाचणीचा. प्रत्येक मुलाने आपापल्या पाठ्यपुस्तकातला एक पाठ वाचून दाखवला होता आणि सगळ्यांच्या नावापुढे बरोबरची खूण पडली होती. मी खडू हातात घेतला तेव्हा सहशिक्षिका म्हणाल्या, "सर, हे पाठ आपणच त्यांच्याकडून दहादहा वेळा वाचून घेतलेत. न पाहिलेलं काही देऊन बघू या का?" बैठकीला अजून चार तास होते. खडू ठेवला.

न पाहिलेला उतारा तयार करणे दिसते तितके सोपे नाही. आम्ही साधारण साठ शब्दांचा उतारा धरला, वाक्ये चार ते सहा शब्दांची. शब्द मुलांच्या बोलण्यातले हवेत, पण वाक्ये पुस्तकातली नकोत. जोडाक्षरे चार-पाच, तीही वेगवेगळ्या घडणीची. चित्र अजिबात नको, कारण चित्र दिसले की मूल शब्दाचे पहिले अक्षर वाचते आणि उरलेला शब्द अंदाजाने पुरा करते. शेवटी दोन प्रश्न, आणि त्यांची उत्तरे उतारा न वाचता सांगता येऊ नयेत. 'पाऊस कोठून पडतो?' हा प्रश्न फुकट जातो. 'पाऊस थांबल्यावर मुलगी आधी कोठे गेली?' हा चालतो.

एकाच उताऱ्यावर सतरा मुले तपासता येत नाहीत. व्हरांड्यात वाट पाहणाऱ्या मुलांच्या कानावर तो पडतो आणि पाचव्या मुलापर्यंत उतारा ओळखीचा होऊन जातो. म्हणून तीन उतारे केले. संगणकावर टंकून छापले, प्रत्येकाच्या दोन प्रती: एक मुलापुढे, दुसरी आपल्या मांडीवर खुणा करायला. मुलाच्या समोर बसायचे नाही, शेजारी बसायचे. घड्याळ मुलाला दिसू द्यायचे नाही, नाहीतर ते वाचत नाही, पळते. चुकलेल्या शब्दाखाली रेघ मारायची आणि मुलाने काय वाचले ते वर लिहायचे. नुसती फुली मारली तर संध्याकाळी त्या कागदातून काहीच कळत नाही. मूल चुकले आणि स्वतःच मागे येऊन सुधारले, तर ती चूक धरायची नाही. तीन सेकंद अडले तर शब्द सांगून पुढे न्यायचे आणि खूण करायची. मिनिट झाले त्या शब्दावर आडवी रेघ, पण वाचन थांबवायचे नाही. उतारा पुरा होऊ द्यायचा.

पातळी ठरवायला 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेच्या 'असर' या शैक्षणिक पाहणीची पद्धत वापरली. २००५ पासून त्या पाहणीत मुलांचे वाचन घरी जाऊन तपासले जाते. सुरुवात सोप्या उताऱ्यापासून होते. तीनपेक्षा जास्त चुका नाहीत आणि वाक्य वाक्यासारखे म्हटले, तर पुढे गोष्ट. जमले नाही तर मागे शब्दांवर, पाचपैकी चार बरोबर यायला हवेत. तेही नाही तर अक्षरे. वेगासाठी केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' या पायाभूत साक्षरतेच्या अभियानाची उद्दिष्टे समोर होती. ५ जुलै २०२१ ला सुरू झालेल्या या अभियानात दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीअखेर किमान ६० शब्द, तेही अर्थ समजून, अशी अपेक्षा आहे.

दोन तासांनी कागद मांडले. दहा मुले सरळ पार. सात अडली.

सात हा आकडा पाहून आधी वाईट वाटले. पण मुले कशी अडली हे शब्दांवर लिहिलेल्या खुणांतून दिसू लागले, आणि सातही जणांचे दुखणे एक नव्हते.

तिघांचे दुखणे तर त्यांचे नव्हतेच, आमचे होते. तिघेही 'लवकर', 'पाऊल', 'आला' या शब्दांवर थबकले होते. एकाने 'ल' ला 'त' म्हटले होते, दोघे गप्प बसले होते. 'आला' हा शब्द तिसरीच्या मुलाला वाचता येऊ नये? कागद नीट पाहिला तेव्हा उलगडा झाला. छापलेला 'ल' हिंदी वळणाचा होता, उजवीकडे उभी दांडी असलेला. मुले पाठ्यपुस्तकात आणि फळ्यावर पाहतात तो मराठी वळणाचा, दोन पाकळ्यांचा. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयात पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' मराठीसाठी ठरवून दिला आहे, पण संगणकावरचे आणि मोबाइलवरचे बरेचसे फॉन्ट हिंदी वळणाचीच अक्षरे दाखवतात. मोठ्यांच्या नजरेला दोन्ही सारखीच, म्हणून आपल्या लक्षातही येत नाही. नुकत्याच वाचू लागलेल्या मुलाला मात्र ते नवे अक्षर असते. काही फॉन्टमध्ये मजकुराची भाषा 'मराठी' निवडली की दोन्ही अक्षरे आपोआप बदलतात. तसे करून त्याच आकारात पुन्हा छापले. उतारा तिघांच्या ओळखीचा झाला होता, म्हणून तिघांनाही दुसरा दिला. तिघेही पार.

त्याच छपाईत आमची आणखी एक चूक सापडली. 'दुसऱ्या' हा शब्द मी घाईत साध्या 'र' ने टंकला होता, त्यामुळे 'य' वर रफार जाऊन 'दुसर्या' असे उमटले होते. चांगल्या वाचणाऱ्या एका मुलीने तो जसा छापला होता तसाच वाचला होता आणि मी तिच्या नावावर चूक मांडली होती. कीबोर्डवर खाली टिंब असलेला 'ऱ' निवडायचा, मग त्याचा पाय मोडायचा, मग 'य', तेव्हा 'ऱ्या' बरोबर उमटतो. तिच्या कागदावरची ती रेघ खोडून टाकली.

चौथीतला एक मुलगा नव्या छपाईतही अडलाच. 'घर'चे 'धर', 'भात'चे 'मात'. अक्षरे येत नाहीत असे म्हणून त्याला खालच्या गटात टाकणे अगदी सोपे होते. पण तो कागद वीतभर अंतरावर धरत होता आणि डोळे बारीक करत होता. तेच शब्द पाटीवर तळहाताएवढे लिहून दिले, एकही चुकला नाही. मग उतारा मोठ्या अक्षरात हाताने लिहून दिला, घडाघडा वाचला. पहिली-दुसरीच्या पुस्तकातला ठसा मोठा असतो, पुढे तो बारीक होत जातो. त्याचे वाचन तिसरीपासून 'मागे पडले', असे आम्ही जे म्हणत होतो त्याचे कारण बहुधा हे होते. मग आठवले की फळ्यावरचे उतरवून घेतानाही तो फळ्याकडे पाहत नाही, शेजारच्याच्या वहीत पाहतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येते, त्या तपासणीची वाट न बघता त्याच्या वडिलांना त्याच दिवशी बोलावून नेत्रतपासणीला पाठवले. त्याला वाचता येते, नीट दिसत नाही. या दोन वेगळ्या नोंदी आहेत.

आता ज्या मुलीमुळे हा दिवस लक्षात राहिला तिच्याबद्दल.

तिसरीतली. आठवडाभराच्या चाचणीत सगळ्यांत छान वाचणाऱ्यांपैकी एक. आवाज स्वच्छ, वाक्याच्या शेवटी आवाज खाली येणारा, पूर्णविरामाला थांबणारी. नव्या उताऱ्यावर ती एक शब्दही बोलली नाही. लाजली असेल म्हणून तिचे पुस्तक दिले आणि नेहमीचा पाठ वाचायला सांगितला. लगेच सुरू झाली. या वेळी मी ऐकले नाही, तिचे बोट पाहिले.

बोट ओळीखालून एकसारख्या ठेक्यात सरकत होते. तोंडात 'विहिरीजवळ' होते तेव्हा बोट 'पाणी'वर होते. ओळ संपली तेव्हा बोट आधीच टोकाला पोचून थांबले होते, तोंडात अजून दोन शब्द बाकी होते. ते संपल्यावर बोट खालच्या ओळीच्या सुरुवातीला आले. पानाच्या तळाशी पोचल्यावर तिने पान उलटले, पण उलटण्याआधीच पुढच्या पानावरचे पहिले दोन शब्द म्हणून झाले होते.

संपूर्ण पाठ तिला पाठ होता. एकच नव्हे, पुस्तकातले जवळजवळ सगळे. मधल्या एका शब्दावर बोट ठेवून "हा कोणता?" विचारले की ती ओळीच्या सुरुवातीपासून मनातल्या मनात म्हणत त्या शब्दापर्यंत यायची, ओठ हलताना दिसत होते. चार-पाच शब्द सुटे कागदाच्या पट्टीवर लिहून उलटसुलट ठेवले, तेव्हा ती नुसती पाहत राहिली.

मग बाराखडीचा तक्ता घेतला. "मू दाखव." ओठ हलले: म, मा, मि, मी, मु, मू. बोट बरोबर मू वर. तक्ता बाजूला ठेवून नुसता 'मू' पाटीवर लिहिला, आला नाही. 'ऊ'ची खूण तिच्यासाठी खूण नव्हती, तक्त्यातली सहावी जागा होती. बाराखडी म्हणण्याचा ठेका मुलांना आवडतो आणि मलाही आवडतो, पण तक्ता नेहमी त्याच क्रमाने म्हणून घेतला की आपण वाचन शिकवत नाही, पाठांतर पक्के करतो. क्रम मोडून विचारल्याशिवाय हे उघडे पडत नाही.

तिची स्मरणशक्ती विलक्षण आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. दोन इयत्तांच्या वर्गात मागच्या रांगेत बसून, दुसरी मुले वाचतात ते ऐकून तिने पुस्तकच्या पुस्तक डोक्यात साठवले होते. सुटी अक्षरे तपासली तर बहुतेक येत होती. तिला हवे होते काना, वेलांटी, उकार, मात्रा यांना खुणा म्हणून ओळखणे.

उरलेले दोघे दुसरीतले. चुका कमी, पण वेग मिनिटाला वीस-बावीस शब्द. या वेगाने वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरून जाते, म्हणून प्रश्नांची उत्तरे आली नाहीत. दोघांच्या कागदांवर रेघा एकाच ठिकाणी होत्या: 'र'. देवनागरीतला 'र' जोडाक्षरात चार रूपे घेतो: 'प्रकार'मधली तिरकी रेघ, 'ट्रक'मधले खालचे कोन, 'सूर्य'वरचा रफार आणि 'कैऱ्या'मधला अर्धा 'ऱ'. रफार सगळ्यांत अवघड. तो उच्चारायचा आधी आणि लिहिलेला असतो नंतरच्या अक्षराच्या डोक्यावर. दोघांनीही 'सूर्य' ला 'सूय' म्हटले होते आणि डोक्यावरची ती खूण सोडून दिली होती.

बैठकीला अर्धा तास उरला होता. फलकावर लिहिले: 'दुसरी ते चौथीच्या १७ पैकी १४ मुलांनी न पाहिलेला उतारा वाचला. तिघांची तयारी सुरू.' तिघांची नावे लिहिली नाहीत. समितीतल्या एक आजी अक्षर लावत लावत फलक वाचून म्हणाल्या, "गुरुजी, तीन राहिलीत असं लिहिलंत. मग ती कधी वाचणार, तेबी लिवा." सहशिक्षिकांनी खाली आठ आठवड्यांनंतरची तारीख लिहिली.

त्या सोमवारपासून रोज पहिली चाळीस मिनिटे इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणे दोन गट केले. एक गट सहशिक्षिकांकडे, एक माझ्याकडे. र वाल्या दोघांना रोज एकाच रूपाचे आठ शब्द, आठवडाभर तेच रूप. चारही रूपे एकदम दिली की गोंधळ वाढतो. रफाराचा शब्द आधी फोडून लिहायचा, सू-र्-य, मग जोडून. शिवाय तोच छोटा उतारा दिवसातून तीनदा वाचायचा आणि शुक्रवारी मोजणी मात्र नव्या उताऱ्यावर.

त्या मुलीसाठी बाराखडीचा तक्ता भिंतीवरून उतरवला. आधी फक्त काना: मा, का, ना, बा, आणि त्यांतून काका, मामा, कान, बाक. पट्ट्या रोज पिसून. मग दुसरी वेलांटी, कारण ती अक्षरानंतर येते. पहिली वेलांटी सर्वांत शेवटी, कारण ती अक्षराच्या आधी लिहितात आणि म्हणतात नंतर. 'कि' ला मुले आधी काठी पाहून अडखळतात. रोज दोन वाक्ये तिच्याच बोलण्यातली लिहून द्यायची, पण तिने ती ऐकलेली नसावीत म्हणून शब्दांची जागा बदलून.

ठरलेल्या तारखेला फलकावर १६ हा आकडा गेला. दुसरीतल्या त्या दोघांनी मिनिटाला चाळिसाच्या पुढे शब्द वाचले आणि दोन्ही प्रश्नांची उत्तरे दिली. चौथीतला मुलगा चष्मा लावून बारीक ठशातून वाचतो. मुलगी उताऱ्यापर्यंत पोचलेली नाही, सुटी वाक्ये वाचते. त्या दिवशी तिच्यापुढे नवे वाक्य ठेवले: 'विहिरीजवळ बकरी उभी होती.' पहिल्याच शब्दावर बोट थांबले. "विही…" म्हणाली, मागे आली, पहिल्या वेलांटीवर बोट ठेवले, पुन्हा पाहिले. "विहि-री-ज-व-ळ." बोट आणि तोंड एकाच अक्षरावर होते.