सुट्टी सत्कारणी लावायची की नाही?

आमच्या घरी सुट्टी नुसती 'गेली' असं कधी झालं नाही. ती सत्कारणी लावायची असायची. मे महिना लागला की बाबा दारामागे कागद चिकटवायचे: पाढे, शुद्धलेखन, इंग्रजीचं रोज एक पान. वर्षातून एकदा सांगलीहून महाबळेश्वर. तिथंही टॅक्सीवाल्याशी घासाघीस करून एका दिवसात अकरा पॉइंट. संध्याकाळी वेण्णा लेकच्या काठावर कणीस खाता खाता बाबा बोटांवर हिशोब मांडायचे. अकरा झाले, बारावा धुक्यात गेला. पैसे वसूल.

हे संस्कार घेऊन मी सहा वर्षांपूर्वी जर्मनीत, म्युनिकला आले. पहिल्या उन्हाळ्यात आम्ही एकही शनिवार-रविवार घरी काढला नाही. साल्झबुर्ग, प्राग, नॉयश्वानस्टाइनचा किल्ला, सगळीकडे पहाटेची गाडी आणि रात्री मेल्यासारखं परत. सोमवारी ऑफिसात शेजारच्या टेबलावरचा सहकारी विचारायचा, काय केलंस? मी यादी म्हणून दाखवायचे. मग मी विचारायचे, तू? तो म्हणायचा, "तळ्यावर होतो." पुढच्या सोमवारी पुन्हा तळ्यावर. तिसऱ्यांदा तेच ऐकल्यावर मला वाटलं, हा माणूस काहीतरी लपवतोय.

इथल्या रविवाराशी जुळवून घ्यायला मला वेळ लागला. दुकानं बंद. दूध संपलं तर मुख्य रेल्वे स्टेशन गाठायचं, तिथली काही दुकानं उघडी असतात. भिंतीला ड्रिल लावायचं नाही. एकदा मी रिकाम्या काचेच्या बाटल्या कोपऱ्यावरच्या डब्यात टाकायला गेले, तर खालच्या मजल्यावरच्या आजींनी थांबवून डब्यावरची पाटी वाचायला लावली. बाटल्या फक्त कामाच्या दिवशी टाकायच्या, कारण त्या फुटताना खळ्ळ आवाज होतो. पुढे कळलं की हा त्यांचा खवचटपणा नव्हता. 1919 च्या वायमार राज्यघटनेत रविवार आणि सणाचे दिवस हे कामातून विसाव्याचे दिवस म्हणून राखून ठेवले होते, आणि ते कलम आजच्या राज्यघटनेनं जसंच्या तसं उचललं आहे. म्हणजे माझ्या आईला पन्नास वर्षांत न मिळालेला रविवार इथं घटनेनं दिलाय. (आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "आणि स्वयंपाक कोण करतं?")

शाळेचंही तसंच. रविवारी, सणाला आणि सुट्टीत गृहपाठ द्यायचा नाही, हे बव्हेरियाच्या, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथल्या, शाळांच्या नियमावलीतच आहे. लेकीच्या सहा आठवड्यांच्या उन्हाळी सुट्टीत मी पहिल्या वर्षी दारामागे कागद चिकटवला होता. दुसऱ्या वर्षी काढला.

रजेचं गणित मात्र आपल्यासारखंच चालतं, आणि त्यात मला भारी आपलेपणा वाटतो. नवं कालनिर्णय आलं की आई जशी लाल तारखा बघते आणि "यंदा सगळे सण रविवारीच मेले!" म्हणून करवादते, तसे इथं लोक जानेवारीत कॅलेंडर घेऊन बसतात. रविवारी आलेल्या सणाची भरपाई इथंही मिळत नाही. पण ईस्टरनंतरचे दोन सण, ख्रिस्ताचं स्वर्गारोहण आणि फ्रोनलाइखनाम (ख्रिस्तदेहाचा सण), कायम गुरुवारीच येतात. मधल्या शुक्रवारी एक रजा टाकली की सलग चार दिवस. अशा दिवसाला ब्रुकनटाग म्हणतात, पुलाचा दिवस. त्या शुक्रवारासाठी आमच्या टीममध्ये जे राजकारण चालतं ते ग्रामपंचायतीला लाजवेल.

1963 च्या कायद्यानं किमान चार आठवडे पगारी रजा मिळते. आमच्या ऑफिसात त्याहून जास्त आहे. पण मला खरं चकित केलं ते त्यातल्या एका कलमानं. रजेवर असताना आजारी पडलात आणि डॉक्टरचा दाखला असेल, तर तेवढे दिवस रजेतून वजा होत नाहीत. आजारपण म्हणजे सुट्टी नव्हे, हे कोणीतरी बसून कायद्यात लिहिलंय. मी भारतात नोकरी करताना तापात घालवलेल्या सगळ्या रजा मला त्या दिवशी आठवल्या.

आता बियरगार्टन, म्हणजे झाडांखाली उघड्यावर बसून बियर प्यायची बाग. नाव ऐकून नाक मुरडू नका. मी तिथं सफरचंदाचा रस सोडा घालून पिते. एकोणिसाव्या शतकात बियर बनवणारे इझार नदीकाठी तळघरं खोदून त्यात पिंपं ठेवायचे. वर गार राहावं म्हणून चेस्टनटची झाडं लावायचे, कारण त्यांची सावली दाट आणि मुळं उथळ. लोक त्या सावलीत येऊन बसायला लागले, तिथंच बियर विकली जाऊ लागली, आणि गावातले खानावळवाले चिडले. मग 1812 मध्ये बव्हेरियाच्या राजानं तोडगा काढला: बियर विका, पण पावाखेरीज खायला काही विकायचं नाही. झालं, लोक घरून डबे आणायला लागले. आता तिथं जेवणही मिळतं, पण डब्याची चाल अजून टिकून आहे. ज्या टेबलांवर कापड नाही तिथं बसायचं, प्यायचं तेवढं विकत घ्यायचं, खायचं आपलं आपण आणायचं. 'बाहेरील खाद्यपदार्थ आणण्यास सक्त मनाई आहे' या पाटीखाली वाढलेल्या माणसाला याचं किती अप्रूप वाटतं, काय सांगू! शेजारच्या टेबलावर मुळ्याच्या चकत्या, चीज, चौकडीचं कापडसुद्धा घरून आणलेलं. आमच्या टेबलावर थालीपीठ, दही आणि लसणाची कोरडी चटणी. चटणीवर एकदा समोरचे आजोबा इतके खूश झाले की त्यांनी ती बियरबरोबर चमच्यानं खाल्ली. 1995 मध्ये आवाजाच्या तक्रारींवरून एक बियरगार्टन रात्री लवकर बंद करायचा निकाल लागला, तेव्हा या शहरात हजारोंचा मोर्चा निघाला होता. आधी हसू आलं होतं. आता निघाला तर मीही जाईन.

गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा दोन महिने आले होते. बाबा निवृत्त शिक्षक, खिशात छोटी वही. रोज सकाळी चहाबरोबर प्रश्न, "आज काय बघायचं?" पहिल्या आठवड्यात मी दाखवत राहिले. इंग्लिश गार्डनमध्ये नेलं आणि एक गोष्ट साफ विसरले. 1789 पासूनच्या त्या बागेत एका कुरणावर लोक अंगावर चिंधीही न ठेवता ऊन खात पडलेले असतात, अधिकृत परवानगीनं. बाबांनी लगेच झाडांकडे मान वर केली आणि कुरण संपेपर्यंत बीच आणि लिंडन या वृक्षांवर बोलत राहिले. आई मात्र निवांत चालत होती. वहीत त्या दिवशी 'इंग्लिश गार्डन: वृक्षराजी उत्तम' एवढीच नोंद.

दुसऱ्या रविवारी मी दमले होते, म्हणून सगळ्यांना फेल्डमोखिंगच्या तळ्यावर नेलं. शहराभोवतीची अशी बरीच तळी म्हणजे खडी काढून उरलेले खड्डे आहेत, जमिनीतून झिरपलेल्या पाण्यानं भरलेले. तिकीट नाही, इतिहास नाही, पॉइंट तर नाहीच. बाबा बूट-मोजे घालून घडीच्या खुर्चीवर ताठ बसले आणि अर्ध्या तासानं म्हणाले, "बरं, मग आता?"

मी म्हटलं, "आता काही नाही."

तिसऱ्या रविवारी त्यांनी बूट काढले. चौथ्या रविवारी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून लेकीबरोबर पाण्यात उभे होते. त्यानंतर सकाळच्या चहाला 'काय बघायचं' गेलं आणि "तळ्यावर जायचं ना?" आलं. मधल्या वारीसुद्धा. आई डब्यात साबुदाण्याची खिचडी घ्यायची आणि झाडाखाली पंचा पसरून खुशाल झोपायची. एवढी गाढ झोपलेली मी तिला सांगलीत कधी बघितली नव्हती.

जायच्या आदल्या दिवशी काकांचा फोन आला. स्पीकरवर होता. "काय रे दादा, काय काय बघितलंस जर्मनीत?"

"तळं," बाबा म्हणाले.

"आणि?"

"तेच. काल परत गेलो होतो."

"बोटिंग वगैरे आहे का तिथं?"

"छे रे. नुसतं पाणी आहे."