जर्मनीत आजारपणानंतर कामावर परत जाताना: माझा अनुभव

पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, मग तीन आठवडे रेहा (क्लिनिकमध्ये राहून पुनर्वसन), फिजिओ, पोहणं, सगळं छान पार पडलं. लिहितोय ते त्यानंतरच्या पाच आठवड्यांबद्दल, अजून आठवलं की डोकं तापतं.

इथे मोठ्या आजारपणानंतर एकदम आठ तास कामाला जुंपत नाहीत. हळूहळू तास वाढवत नेतात, त्याला वीडरआइनग्लीडरुंग म्हणतात, हाम्बुर्ग मॉडेल पण म्हणतात. माझं ठरलं होतं दोन आठवडे रोज दोन तास, मग दोन आठवडे चार, मग सहा. कंपनीची संमती लागते, ती लगेच मिळाली. पण या सगळ्या काळात तुम्ही कागदोपत्री आजारीच असता, म्हणजे पगार नाही, आणि कंपनी पूर्ण पगार देते ते पहिले सहा आठवडे माझे कधीच संपले होते.

मग पैसे कोण देणार? रेहा पेन्शन विम्यातून झाली असेल, ती संपायच्या आत क्लिनिकने वीडरआइनग्लीडरुंगची गरज लिहून दिली असेल आणि रेहा संपल्यापासून चार आठवड्यांच्या आत तुम्ही कामाला लागलात, तर पेन्शन विमा युबरगांग्सगेल्ड, म्हणजे मधल्या काळाचा भत्ता, देतो. नाहीतर क्रांकनकासे, म्हणजे आरोग्य विमा, क्रांकनगेल्ड (आजारपणाचा भत्ता) देते. मी दहाव्या दिवशीच कामावर गेलो होतो. तर कासेचं पत्र आलं, आता ही आमची जबाबदारी नाही. पेन्शन विम्याकडे विचारलं तर क्लिनिकची चेकलिस्ट, म्हणजे ती गरज लिहून दिलेला कागद, पोचलेलीच नाही. क्लिनिकला फोन केला की "पाठवलीय, वाट बघा." रोज दोन तास काम करून घरी यायचं आणि कानाला फोन लावून बसायचं, बसलं की पाठ दुखायची म्हणून खिडकीपाशी उभं राहून बोलायचो. घरभाडं गेलं, पोरीच्या किटाची (पाळणाघराची) फी गेली, खात्यात मात्र काहीच आलं नाही.

शेवटी चौथ्या आठवड्यात ट्रेन पकडून सरळ क्लिनिकमध्ये गेलो. सोझियालडीन्स्टच्या, म्हणजे क्लिनिकच्या समाजसेवा विभागाच्या, बाईंनी माझी फाईल उघडली आणि डिस्चार्ज रिपोर्टच्या मागे चेकलिस्ट तशीच लावलेली! माझी सही, डॉक्टरांची सही, तारीख, सगळं जागच्या जागी. पाठवली तेवढी नव्हती. मी तिथेच उभा राहिलो, त्यांनी माझ्यासमोर पाठवली, एक कॉपी मी घेतली. आठवड्याभरात मागचे सगळे पैसे जमा झाले.

म्हणून कळकळीने सांगतो, क्लिनिकमधून निघायच्या आधी चेकलिस्टची कॉपी हातात घ्या, "पाठवतो" वर सोडू नका. घरात मूल असेल तर किंडरगेल्डचा (मुलासाठी मिळणाऱ्या सरकारी भत्त्याचा) कागदही जोडा, युबरगांग्सगेल्ड हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण ६८ ऐवजी ७५ टक्के धरतात.

आणि हो, हे आधीच सांगायला हवं होतं, वर्षभरात सहा आठवड्यांच्या वर आजारी राहिलात की कंपनीने बीईएमच्या, म्हणजे कामावर नीट परतता यावं म्हणून काय करता येईल ते ठरवायच्या, मीटिंगला बोलवायचं असतं. जायची सक्ती नाही पण जा. मला वर-खाली होणारं टेबल तिथेच मंजूर झालं.