लोक जेवत असतात, तेव्हा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दर लग्नाकार्यात कोणीतरी विचारतंच, "समोर लोक जेवत असतात, कोणाचं लक्ष नसतं. तुला अपमान नाही वाटत?" (त्याआधी "कॅब्रे म्हणजे नाचतेस का गं?" होऊन गेलेलं असतं. नाही. मी हॉटेलात पियानो वाजवत गाते. हेलनसारखं नाचता आलं असतं तर तेही केलं असतं.)

बॉबी शॉर्ट न्यूयॉर्कच्या कॅफे कार्लाइलमध्ये १९६८ ते २००४ हेच करत होता, खाणाऱ्यापिणाऱ्यांसमोर. स्वतःला 'सलून सिंगर', म्हणजे बारमधला गायक, म्हणवायचा. हे मावशीला सांगितलं, तर तिला वाटलं केस कापायच्या दुकानात गायचा!

तर, नाही वाटत अपमान. डाव्या हाताने बेस धरायचा, उजव्याने गळ्याला वाट करून द्यायची आणि एक डोळा वेटरवर. हे काम आहे, आणि ते मला येतं.

बाबा फक्त एकदा आले. डोंबिवलीच्या भजनी मंडळात त्यांनी आयुष्यभर पेटी वाजवली. इस्त्रीचा शर्ट घालून कोपऱ्यात बसले, नुसता चहा मागवला. दुसऱ्या गाण्याला शेजारच्या टेबलावर वाढदिवसाचा दंगा सुरू झाला. बाबा उठले. भांडले नाहीत, हात जोडले. "अहो, गाणं चाललंय." टेबल हसलं. मॅनेजर निघालाच होता. मी हात न थांबवता माईकवर म्हणाले, "इट्स ओके, सर. प्लीज बी सीटेड."

सर. बाबांना.

आणि लगेच त्या टेबलासाठी हॅपी बर्थडे वाजवलं. बाबांनी बसून चहा संपवला.

नोकरी वाचवली, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. करार महिन्या-महिन्याचा होता, हे खोटं नाही. पण "माझे वडील आहेत" म्हटलं असतं, तर मॅनेजरने दुसरा चहा स्वतः आणून दिला असता. मग लाज वाटली का? त्या शर्टाची, त्या जोडलेल्या हातांची? वाटली. पण रागही आला होता, तो कोणी धरत नाही. माझ्या गाण्यासाठी हात जोडावे लागतात, असं त्यांना का वाटावं? तिथे कोणी बैठकीला आलं नव्हतं.

शेवटच्या लोकलमध्ये मशीद स्टेशन गेल्यावर बाबा म्हणाले, "डावा हात छान बसलाय." गळ्याबद्दल काही नाही. कुर्ल्याला विचारलं, "चहाचे किती लावले गं?"

मी ऐंशी सांगितले.